मातीच्या माणसाचा हेवा

'द प्रॉफेसी' (१९९५) या सिनेमातल्या देवदूत गॅब्रिएलने स्वर्गात युद्ध पेटवलंय, पण त्याला गाडी चालवता येत नाही. त्यासाठी त्याने मरणाच्या दारातल्या एका माणसाला मरू न देता हाताशी ठेवलंय. ख्रिस्तोफर वॉकन ही भूमिका अशी करतो की हसावं की घाबरावं कळत नाही.

गॅब्रिएलची तक्रार एकच: देवाने माणसाला आत्मा दिला आणि आपल्यापेक्षा जास्त जीव लावला. देवदूतांचं बंड म्हटलं की आपण कवी मिल्टनकडे बोट दाखवतो. पण त्याच्या 'पॅरडाइज लॉस्ट'मधला (१६६७) सैतान बिथरतो, तो देवाने आपल्या पुत्राला सगळ्यांच्या वर बसवल्यामुळे. माणसाचा हेवा त्याहून कितीतरी जुना. आदम आणि हव्वेच्या चरित्राचा एक प्राचीन ग्रंथ आहे. त्यात सैतान सांगतो, आदमला वंदन केलं नाही म्हणून मला हाकललं. कुराणातल्या इब्लिसचंही तेच म्हणणं: मी आगीचा, हा मातीचा. सीनियरने काल आलेल्या पोरापुढे का वाकावं? (अप्रेझलच्या महिन्यात हे फार पटतं.)

'कॉन्स्टंटाइन'मध्ये (२००५) टिल्डा स्विंटनच्या गॅब्रिएलला माणसांना फुकटात मिळणारी माफी खुपते. 'लीजन'मध्ये (२०१०) देवच माणसाला विटलाय आणि मायकेल आपल्यासाठी हुकूम मोडतो. कल्पना भारी, सिनेमा फसलेला.

'प्रॉफेसी'त मात्र माणसाच्या मदतीला ल्युसिफर धावतो. प्रेमापोटी नव्हे. गॅब्रिएल जिंकला तर स्वर्गाचाच दुसरा नरक होईल, आणि त्याला धंद्यात स्पर्धक नकोय.