पहिल्यांदाच घोड्यावर बसताय? वेगाच्या आधी मांड पक्की करा

वाशीम : आपल्याकडे घोडा दिसतो तो वरातीत, नाहीतर जत्रेत. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची (आपलं मालेगाव नव्हे) खंडोबाची यात्रा आणि तापीकाठचं सारंगखेडा घोडेबाजारासाठी प्रसिद्ध आहेत. माथेरानला तर डोंगरवाटेवर घोड्यावरूनही फिरतात. तिथं किंवा गावात पहिल्यांदा बसणार असाल तर एवढं माहीत असू द्या.

बसण्याआधी
घोड्याला अगदी मागचं आणि कपाळासमोरचं दिसत नाही. म्हणून बाजूने, खांद्याकडून, बोलत जवळ जा. पोटाखालचा तंग आवळलाय का ते मालकाला तपासायला सांगा. थोडं चालल्यावर तो सैल होतो, तेव्हा पुन्हा बघा. चप्पल घालून बसू नका. चप्पल रिकिबीतून पुढं सरकते, पाय अडकतो आणि पडलेला माणूस फरफटत जातो. थोडी टाच असलेला बूट घाला. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधा. फेट्याने डोकं वाचत नाही.

चढणं आणि बसणं
डाव्या बाजूने चढा. खोगिरावर धपकन बसू नका. रिकिबीत फक्त चवडा ठेवा, टाच खाली दाबा, पाठ सरळ, नजर समोर. लगाम हाताला गुंडाळू नका. थांबवायचं असेल तर पाठ ताठ करून लगाम हलकेच ओढा, घोडा थांबला की लगेच सैल सोडा.

डोंगरवाटेवर
चढाला थोडं पुढं झुका, लगाम सैल ठेवा. उताराला किंचित मागं व्हा. पुढच्या घोड्यापासून एक घोडाभर अंतर ठेवा, नाहीतर लाथ बसू शकते. आधी कदम चाल शिका, मग दुडकी. भरधाव पळवणं नंतरचं.

घोडा बुजला तर
ओरडू नका, टाचा मारू नका. टाच म्हणजे त्याला ‘पळ’ असा इशारा. एका बाजूचा लगाम हळूहळू ओढून गोल फिरवा.

वरातीतला घोडा गर्दीला सरावलेला असला तरी डीजे, फटाक्यांनी बुजू शकतो. रीलसाठी लहान पोराला एकट्याला त्यावर बसवू नका.

पडल्यावर
जखम साबण-पाण्याने धुवा. मातीत आणि लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून दवाखान्यात दाखवून इंजेक्शनचं विचारा. डोक्याला मार लागून उलटी झाली किंवा गुंगी आली तर घरी थांबू नका, १०८ ला फोन करा.