नभोवाणीची नांदी
गायकवाडी अमलात पादरा हा बडोदे प्रांतातील एक महाल होता. कामकाजाच्या निमित्ताने मराठी कुटुंबे त्या मुलखात आली आणि स्थायिक झाली. संस्थानी काळात बडोद्यास स्वतःचे नभोवाणी केंद्र होते. ते १९४८ साली अखिल भारतीय नभोवाणीत विलीन झाले. तेव्हापासून भल्या पहाटे तंबोऱ्याच्या संथ झंकारावर व्हायोलिनचे आर्त सूर उमटले, की यंत्र सुरू झाले असे घरोघरी समजावे, असा परिपाठ पडला. ही धून शिवरंजनीच्या स्वरांची. भूपातील गंधार कोमल करावा, की शिवरंजनीची छाया दिसू लागते. स्वर अस्सल इथले. परंतु ते जुळविणारा म्हणून ज्याचे नाव सांगितले जाते, तो वाल्टर काउफमान हा जर्मनभाषी ज्यू होता.

त्याचा जन्म १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाड येथे झाला. बर्लिन येथे फ्रान्झ श्रेकर या संगीतकाराजवळ त्याने रचनाशास्त्राचा अभ्यास केला आणि प्राग येथे संगीतविद्येचा. तेथील प्रबंध पुरा होऊनही त्याने पदवी नाकारली, कारण त्याचे अध्यापक नाझी पक्षाला मिळाले होते! पुढे त्याची पत्नी झालेली गेर्टी ही कादंबरीकार काफ्का याची भाची.

१९३४ साली काउफमान मुंबईस उतरला. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्याने प्रथम ऐकल्या तेव्हा त्यातले काहीच त्याला उमगले नाही. सामान्य युरोपीय माणूस एवढ्यावर 'हे संगीतच नव्हे' असा निवाडा देऊन मोकळा होता. काउफमानने उलट विचार केला: ज्या संगीतावर लक्षावधी लोक प्रेम करतात, ते निरर्थक असणार नाही; उणीव आपल्या कानांची असावी, आणि ती घालवायची तर त्या देशीच गेले पाहिजे. हिटलरच्या छायेतून निसटण्याची निकड होतीच. पण केवळ आश्रयासाठी आलेल्या माणसाची ही वृत्ती नव्हे.

मुंबईत त्याने चेंबर म्युझिक सोसायटी काढली. तो पियानोवर, मेहली मेहता व्हायोलिनवर आणि वेर्गा हे इटालियन गृहस्थ चेलोवर, असा मेळ जमला. चित्रपटांसाठीही त्याने संगीत केले. १९३७ पासून १९४६ पर्यंत तो मुंबई नभोवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता.

संकेतधून त्याचीच की दुसऱ्या कोणाची, याविषयी मतभेद आहेत. कोणी दिल्ली नभोवाणीवरील इंग्रज संगीतकार जॉन फाउल्ड्स याचे नाव घेतात. मात्र रचनेतील संयम पाहण्यासारखा आहे. पाश्चात्त्य संगीतात एकाच वेळी अनेक स्वर रचून स्वरसंवाद उभा करतात. राग तर षड्जाशी एकेका स्वराचे नाते जोडीत चालतो. त्यावर स्वरसंवादाचे ओझे लादले, की राग गुदमरतो. येथे तो मोह टाळला आहे. खाली तंबोरा, वर एक सुरावट, बस्स.

काउफमान मुंबईत आला तेव्हा पंडित भातखंडे हयात होते. ते १९३६ साली निवर्तले. त्यांच्याच प्रेरणेने, सयाजीरावांच्या आश्रयाखाली, १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली होती. तेथून आणखी अर्धशतकानंतर, १९६८ साली, काउफमानचा उत्तर भारतीय रागांवरील इंग्रजी ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातील रागांची मांडणी भातखंड्यांच्या दहा थाटांप्रमाणेच आहे.

१९४६ साली त्याने भारत सोडला. कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचे त्याने संचालन केले. नंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात अध्यापन केले. १९८४ साली ब्लूमिंग्टन येथे तो वारला. त्याच्या स्वतःच्या रचना, ज्यांत चतुर्वाद्य-रचना अनेक आहेत, दीर्घकाळ कपाटातच राहिल्या. २०२० साली टोरांटोच्या एका वादकसंघाने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे त्या लोकांच्या कानी पडल्या. इकडे पहाटेची धून मात्र कोट्यवधींनी ऐकली; ती वाजताना कर्त्याचे नाव सांगण्याचा प्रघात कधीच नव्हता.