'नो कान्तेस'ची कुळकथा

स्पॅनिशमध्ये 'गा' म्हणजे 'कान्ता'. पण 'गाऊ नकोस' म्हणायला 'नो कान्ता' चालत नाही, 'नो कान्तेस' म्हणावे लागते. 'बेन्दे' म्हणजे 'वीक', 'विकू नकोस' म्हणजे 'नो बेन्दास'. 'आ'चा 'ए' करा, 'ए'चा 'आ' करा आणि पुढे 'स' लावा, ही युक्ती विद्यार्थ्याला शिकवतात. ती उपयोगाची आहे, पण तिच्यामुळे नकारासाठी आज्ञार्थच उलटा फिरवला आहे असा समज होतो. तो चुकीचा आहे. 'कान्ता' हा लॅटिनचा आज्ञार्थ, तर 'कान्तेस' हे इच्छा-अपेक्षा सांगणारे लॅटिनचे सब्जंक्टिव रूप. दोन हजार वर्षांत दोन्ही जवळजवळ जशीच्या तशी उतरली. लॅटिनमध्ये 'कान्तारे'च्या (गाणे) गटात 'आ' धातूतच मुरलेला होता, म्हणून तिथे सब्जंक्टिवची खूण 'ए' ठरली. 'वेन्देरे'सारख्या (विकणे) इतर गटांत ती 'आ' होती. आजची अदलाबदल ती हीच.

मनाई करायला लॅटिनकडे बऱ्याच वाटा होत्या. 'नोली कान्तारे', म्हणजे शब्दशः 'गाण्याची इच्छा धरू नकोस', ही सभ्य गद्याची. 'ने कान्तावेरिस' हीही रूढ. 'ने' या मनाईच्या अव्ययापुढे साधे वर्तमान सब्जंक्टिव प्लाउटुसच्या नाटकांतल्या बोलीत आढळते, आणि स्पॅनिशचा धागा तिथे जुळतो. बोलीत पुढे 'ने' मागे पडले आणि साध्या नकाराच्या 'नोन'ने त्याची जागा घेतली. पहिल्या शतकात रोमन वक्तृत्वशिक्षक क्विन्टिलियनने या सरमिसळीला दोष दिला: एक शब्द नाकारण्याचा, दुसरा मना करण्याचा. 'नाही' आणि 'नको' वेगळे ठेवणाऱ्या मराठी माणसाला त्याची तक्रार लगेच पटेल. हा क्विन्टिलियन जन्मला कालागुरिसला, आजच्या स्पेनमधल्या कालाओर्रात. त्याने जपू पाहिलेला भेद त्याच भूमीच्या भाषेने अव्ययात गमावला, पण क्रियापदाच्या शेवटात राखला: 'नो कान्तास' म्हणजे 'तू गात नाहीस', 'नो कान्तेस' म्हणजे 'गाऊ नकोस'. माझ्या मते या रूपाचे खरे मोल इथे आहे.

मनाईत सब्जंक्टिव का, यावर एक सोपे स्पष्टीकरण पुढे येईल. लॅटिन 'कान्तात' (तो गातो) मधला शेवटचा 'त' गळाला आणि तेही 'कान्ता' झाले. मग 'नो कान्ता'चा अर्थ 'तो गात नाही' असा होणार, म्हणून गोंधळ टाळायला सब्जंक्टिव आणले. पण अनेकवचनी आज्ञार्थ 'कान्ताद' कशाशीच गोंधळत नाही, तरी तिथेही प्रमाण रूप 'नो कान्तेइस'च आहे. आणि इटालियनमध्ये हाच गोंधळ संभवत असताना तिने एकवचनात 'नोन कान्तारे' हे 'गाणे' अशा अर्थाचे भाववाचक रूप (इन्फिनिटिव) घेतले. म्हणजे गरज एकच असली तरी उत्तर वारशाने ठरते. 'त' गळण्याआधीच सब्जंक्टिव मनाईच्या कामाला लागलेले होते. गोंधळाच्या भीतीने ते टिकायला मदत झाली असेल, पण त्या भीतीतून ते जन्माला आले नाही.

मग स्पेनमधल्या पाट्यांवर 'नो फुमार' (धूम्रपान करू नये) असे इटालियनसारखे भाववाचक रूप का? कारण पाटीसमोर ठरावीक माणूस नसतो. तोंडावर सांगायचे झाले, की 'नो फुमेस', आणि आदराने 'नो फुमे'. आदरार्थी होकारी आज्ञाही सब्जंक्टिवच असल्यामुळे तिथे 'नो' लावण्यापलीकडे काहीच बदलत नाही.