ब्लॅकआउट : खिडकीवरच्या काळोखाची गोष्ट

संकेश्वरात हायवेच्या बाजूला नवे घर बांधले की वास्तुशांतीनंतर महिन्याभरात पडदेवाला नमुन्यांचे पुस्तक घेऊन दारात येतो. आमच्याकडेही आला. "बेडरूमला ब्लॅकआउट घ्या, रोलर ब्लाइंड," असे त्याने म्हणताच आतल्या खोलीतून आत्याने विचारले, "का रे, लढाई लागली की काय?"

सगळे हसले. पण आत्याचे काही चुकले नव्हते. १९७१ साली ती गिरगावात चाळीत राहत होती. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडच्या विमानतळांवर हल्ले केले आणि १६ तारखेला ढाक्यात शरणागती होईपर्यंत मुंबईच्या रात्री अंधारात गेल्या. काचांना तपकिरी किंवा काळा कागद चिकटवायचा, काच फुटली तर अंगावर उडू नये म्हणून पट्ट्या मारायच्या, बल्बला काळ्या कागदाची टोपी घालायची. मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असे. कुणाच्या फटीतून उजेड दिसलाच तर खालून हाक येई, "दिवा घालवा!"

त्याआधीचा, १९६५ चा ब्लॅकआउट तर ऐन गणपतीत आला होता. त्या वर्षी चतुर्थी ऑगस्टच्या अखेरीस होती. ६ सप्टेंबरला लाहोरच्या बाजूची आघाडी उघडली तेव्हा घरोघरच्या आणि मांडवांतल्या मूर्ती अजून बसलेल्याच होत्या. ज्या दिवसांत आपण एरवी विजेच्या माळा सोडतो, त्याच दिवसांत दिवे झाकायची वेळ आली.

हा शब्द आपल्याकडे आला तो दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १९३९ पासून, म्हणजे युद्ध जाहीर होण्याच्या दोन दिवस आधीच, प्रत्येक खिडकी रात्री झाकण्याची सक्ती झाली. काळ्या कापडाला तिथे अशी मागणी आली की पुरवठा अपुरा पडू लागला. आपल्याकडे ती झळ पोचली जपान युद्धात उतरल्यावर. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबोवर आणि पाठोपाठ विशाखापट्टण व काकीनाडा इथे बॉम्ब पडले, डिसेंबरात कलकत्त्यावर. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, तो १९५६ पर्यंत.

गंमत अशी, की ब्लॅकआउटचा पडदा तेव्हा आतला उजेड बाहेर जाऊ नये म्हणून होता. आज तोच पडदा बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणून लावायचा. पुणे-बंगळूर रस्ता चौपदरी झाला, दोन्ही अंगांना दिवे आले, रात्रभर ट्रकचे झोत भिंतीवरून सरकू लागले. शिवाय खिडक्याही आपणच मोठ्या केल्या.

जुन्या घरांना याची गरजच नव्हती. दीड-दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती, त्यांत लाकडी गजांची लहान खिडकी आणि तिला दोन झडपा. कन्नडमध्येही ती 'किटकी'च. झडप लावली की खोली काळीकुट्ट. माजघरात तर दुपारीसुद्धा दिवा लागे, म्हणून छपरात एखादे काचेचे कौल बसवत. त्याचा कवडसा जमिनीवरून सरकत जाई आणि घरातल्या बाया त्यावरून वेळ सांगत. उन्हाळ्यात ज्यांना परवडे ते वाळ्याचे पडदे टांगून पाणी शिंपडत, इतरांना गोणपाट होतेच. त्या जाड भिंती पाडून आपण सहा फुटी सरकत्या काचा बसवल्या आणि आता त्या काचा झाकायला पैसे मोजतो. मी स्वतः तेच केले आहे, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही.

रोलर ब्लाइंडला आज जे रूप आहे, त्याच्या मुळाशी अमेरिकेतल्या स्ट्युअर्ट हार्टशॉर्न यांचे १८६४ चे पेटंट आहे. पोकळ दांड्यात स्प्रिंग आणि टोकाला एक खिट्टी. पडदा हळू ओढून सोडला की खिट्टी अडकते आणि पडदा तिथेच थांबतो. झटका दिला की दांडा वेगाने फिरतो, खिट्टी बाहेर फेकलेली राहते आणि पडदा सरसर वर जातो. आता बहुतेक ठिकाणी स्प्रिंगऐवजी मण्यांची साखळी असते. घरात नातवंडे असतील तर ती साखळी लोंबती ठेवू नये, भिंतीला पक्की अडकवून घ्यावी. गळ्यात अडकण्याचा धोका खरा आहे.

निवडताना दुकानदाराच्या शब्दापेक्षा मोबाईलच्या टॉर्चवर विश्वास ठेवावा. नमुन्यामागे टॉर्च धरली आणि ठिपका दिसला तर ते कापड ब्लॅकआउट नव्हे. चांगल्या कापडाला मागून फेसाळ लेप दिलेला असतो आणि मधला थर काळा असतो. रस्त्याकडची बाजू पांढरी असली तर ऊनही परतते. पण आमची फसगत झाली ती मापात. पडदा चौकटीच्या आत बसवला, तर दोन्ही कडांना बोटभर फट राहिली, कारण कापड दांड्याच्या कड्यांपेक्षा अरुंद असते. ट्रकचा झोत नेमका तिथून येई. शेवटी काढून चौकटीबाहेर, दोन्हीकडे चार-चार बोटे जास्त घेऊन बसवला. रंग मात्र भिंतीच्या जवळचा घ्यावा. आमच्या पुढच्या खोलीतला फिकट बदामी पडदा गणपतीत मखरामागे सोडला की वेगळी झालर लागत नाही, फुले उठून दिसतात.

आत्याच्या खोलीतही पडदा लावला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला झोत सहन होत नाही. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, कर्नाटकातल्या यादीत बंगळूर, कारवार, रायचूर अशी नावे होती. टीव्हीवर अंधारलेल्या इमारती पाहून त्या रात्री तिने पडदा खाली ओढू दिला नाही. "तेव्हा आम्ही दार लावून अंधारात बसायचो, पण सगळी चाळ एकत्र बसायची," एवढेच म्हणाली. तेव्हापासून तिचा पडदा खालून वीतभर वर राहतो. पहाटे समोरच्या घरात चुलीला जाळ लागला की तिला तेवढ्या फटीतून दिसतो, मग ती उठते.