उतारा बाजूला ठेवला तेव्हा

1903 साली बार्बिटाल ‘व्हेरोनाल’ या नावाने बाजारात आले आणि झोपेची औषधे युरोपात घरोघरी पोचली. पाठोपाठ ती जास्त घेऊन बेशुद्ध झालेली माणसे इस्पितळांत येऊ लागली. औषधाने झोपवले तर दुसऱ्या औषधाने उठवायचे, असा तेव्हाचा सरळ हिशेब. त्यासाठी निकेथमाइड, अँफेटामाइन, पिक्रोटॉक्सिन अशी उत्तेजके टोचली जात. पिक्रोटॉक्सिन काकमारीच्या बियांतून निघते; याच बिया पाण्यात टाकून मासे गुंगवतात. मात्रा थोडी चढली की रुग्णाला झटके येत आणि ते ओसरल्यावर गुंगी पुन्हा गाठे. जोडीला पोट धुणे असेच. ज्याला ठसकासुद्धा लागत नाही, त्याच्या पोटात नळीने ओतलेले पाणी उलटून फुप्फुसांत उतरण्याचा धोका मोठा. माझ्या मते यातले बरेच मृत्यू गोळ्यांइतकेच उपचारांच्या घाईचेही होते.

पुरावा कोपनहेगनचा आहे. तिथल्या बिस्पेबर्ग इस्पितळात 1949 पासून असे रुग्ण एकाच ठिकाणी ठेवले जाऊ लागले. मनोविकारतज्ज्ञ कार्ल क्लेमेसेन आणि भूलतज्ज्ञ एरिक निल्सन यांनी उत्तेजके थांबवली. भूल दिलेल्या माणसाची घेतात तीच काळजी इथेही घेतली: श्वासनलिका मोकळी ठेवायची, घशातला कफ ओढून काढायचा, प्राणवायू द्यायचा, रक्तदाब सावरायचा, दर थोड्या वेळाने कूस बदलायची. विष शरीर आपले आपण बाहेर टाकते. तोवर माणूस जगला पाहिजे. सुमारे 20 टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आले. हे श्रेय पेनिसिलिनचे, असे कुणी म्हणेल. त्याचा वाटा होताच, पण मागे पडलेली जीभ पेनिसिलिनने पुढे येत नाही. एकाच केंद्रात सौम्य रुग्णही आले म्हणून टक्केवारी उतरली, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. मात्र मृत्यू तेवढेच राहून टक्केवारी एवढी उतरायची, तर रुग्ण किमान दहापट व्हायला हवेत. नुसत्या सौम्य रुग्णांनी एवढी भर पडली असेल हे पटत नाही.

मग उतारे निरुपयोगीच म्हणायचे का? तसे नाही. 1970 च्या दशकात लॉरी प्रेस्कॉट यांनी एडिंबरात दाखवून दिले की पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेत असिटिलसिस्टीन वेळेत मिळाले तर यकृत वाचते. तिथे नुसती शुश्रूषा पुरत नाही, कारण माणूस शुद्धीवर असतानाच आत यकृत जळत असते. अफूजन्य औषधांवर नॅलोक्सोन मिनिटांत श्वास परत आणते. पण त्याचा असर बहुधा तासा-दीड तासात उतरतो आणि मेथाडोनसारखे औषध त्यानंतरही अंगात राहते. रुग्ण उठून बसतो, घरी जाऊ द्या म्हणून हट्ट धरतो. त्याला तसाच सोडला तर श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून सुई टोचून झाल्यावरही परिचारिकेने त्याचे श्वास मोजत राहायचे असते.