आधी गाडी गप्प करा

पुण्याच्या नाना पेठेत माझं गाडीच्या टेपचं दुकान होतं. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती वॅटचा आहे?" मी उत्तर न देता किल्ली मागायचो. इंजिन चालू करून, काचा वर करून दोन मिनिटं नुसता गाडीत बसायचो. माणूस बुचकळ्यात पडायचा. पण माझं सगळं आयुष्य सेटशी नाही, गाडीशी भांडण्यात गेलंय.

हे भांडण माझ्या जन्माआधीचं. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विननं आपल्या मोटारीत रेडिओ बसवला, ती अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांच्या अधिवेशनाबाहेर उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गाणी ऐकवून ऑर्डरी घेतल्या. ‘मोटर’ला ‘व्हिक्ट्रोला’ फोनोग्राफातलं ‘ओला’ जोडून त्यानं नाव केलं मोटोरोला. घरात रेडिओ छान वाजतच होता. खोडा घातला तो मोटारीनं. रेडिओतल्या व्हॉल्व्हना शंभराच्या वर व्होल्ट हवेत, मोटारीची बॅटरी सहाची. त्यात प्लगची ठिणगी म्हणजे इवलंसं आकाशवाणी केंद्रच! दर ठिणगीला रेडिओत एक ‘टक’.

तीच टकटक मला फियाटमध्ये भेटली. विविध भारती लावायची, ॲक्सिलेटर दाबायचा, की टकटक ताशासारखी चढत जायची. उस्तादानं उपाय शिकवला: प्लगच्या वायरींना सप्रेसर, कॉइलला कंडेन्सर, आणि एरियलच्या बुडाशी पत्र्याचा रंग खरवडून पक्की अर्थिंग. खरवडताना मालकाचा जीव कासावीस व्हायचा. मी म्हणायचो, "साहेब, रंग पाहिजे की लता?"

चालत्या गाडीत हवं ते गाणं लावण्याचा खटाटोपही जुनाच. १९५६ साली क्रायस्लरनं डॅशबोर्डखाली चक्क तबकडीचा फोनो दिला होता. खड्ड्यात सुई काय करणार, हे पुणेकराला सांगायला नको. फिलिप्सची १९६३ची कॅसेट आली तेव्हा सुईचं दुखणं गेलं. पण कॅसेटची दुखणी वेगळी. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर ती वाकडी व्हायची, धुळीनं हेड माखायचं. स्पिरिटचा बोळा फिरवूनही आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटला, तर हेडशेजारचा बारका स्क्रू केसभर फिरवायचा. डोळे मिटून गाण्यातला ‘स’ ऐकायचा. ‘स’ला धार आली की थांबायचं. याला कुठलंही मीटर लागत नसे.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि दुकानाला बरकत आली. पण पत्रा पातळ! मागच्या ट्रेवर स्पीकर ठोकले की गाण्याआधी ट्रेच गायला लागायचा. मी खाली प्लाय घालायचो, दाराच्या आत डांबरी शीट चिकटवायचो. एका वकिलांनी आधीच दुसरीकडे सेट बसवला होता. बास गायब, म्हणून आणखी मोठा ॲम्प्लिफायर मागत होते. मी एका स्पीकरच्या दोन वायरींची फक्त अदलाबदल केली. एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जात होता, दोघं मिळून तबल्याचा बायाँ गिळत होते. मजुरी दहा रुपये सांगितली, तर ते दुखावलेच.

वॅटचं म्हणाल, तर खोक्यावर हजार लिहिलेलं मी पाहिलंय. गाडी चालू असताना व्होल्ट मिळतात जेमतेम चौदा, स्पीकर चार ओमचा. तेवढ्यावर साधा सेट एका स्पीकरला वीसेक वॅटच नेटानं देतो. बाकीचे खोक्यावरच राहतात.

आता दुकान मुलाकडे आहे. परवा एक इलेक्ट्रिक गाडी आली. मला वाटलं, इंजिन नाही, जिंकलो! बसून पाहिलं, तर इंजिनाखाली आजवर दडलेली टायरची घरघर आणि डॅशबोर्डची कुरकुर लख्ख ऐकू येत होती. मुलगा म्हणाला, "बाबा, अशा गाड्यांत मोटर आणि इन्व्हर्टरची खरखर ए.एम. रेडिओत घुसते, म्हणून काही कंपन्यांनी ए.एम.च काढून टाकलंय."

म्हणजे गॅल्विनच्या ‘टक’ला जवळजवळ शंभर वर्षांनी नातू झाला. मी काचा वर केल्या आणि आणखी दोन मिनिटं बसून राहिलो.