एक लाइफ जॅकेट आणि मूठभर स्पार्क प्लग

आजचा भाग एका लाइफ जॅकेटपासून सुरू करते.

गेल्या उन्हाळ्यात मी इंग्लंडला मावसबहिणीकडे गेले होते. तिनं मला वाढदिवसाची भेट म्हणून विमान चालवायचा धडा दिला. तिकडे बरेच फ्लाइंग क्लब असतात. पैसे भरायचे, शिक्षक शेजारी बसतो, आणि वर गेल्यावर थोडा वेळ दांडा तुमच्या हातात देतो. दक्षिण किनाऱ्यावरचं गवताचं मैदान, दोन माणसांचं सेस्ना १५२. आत बसण्याआधी त्या शिक्षकानं माझ्या गळ्यात पिवळं लाइफ जॅकेट अडकवलं. मी विचारलं, "हे कशाला?" तो म्हणाला, "समुद्रावरून जायचंय आणि इंजिन एकच आहे." इतकं शांतपणे, की जणू छत्री घेऊन जा म्हणून सांगतोय.

वर गेल्यावर काय वाटलं ते सांगत बसत नाही, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. पण खाली समुद्र दिसायला लागला तसे मला जेआरडी टाटा आठवले. १९३० च्या मे महिन्यात ते भूमध्य समुद्राकडे निघाले होते, ह्याच्यापेक्षा नाजूक विमानातून, एकटे. आणि त्यांच्याकडे लाइफ जॅकेट नव्हतं. ते त्यांना वाटेत मिळालं. कुणी दिलं, ही आजची गोष्ट.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्याकडे विमान शिकायची सोय कधी झाली? १९२८ मध्ये. मुंबई, दिल्ली, कलकत्ता अशा शहरांत सरकारी मदतीवर फ्लाइंग क्लब निघाले, आणि मुंबईचं मैदान होतं जुहूला. त्याआधी ज्याला उडायचं त्यानं परदेशात जायचं. जे गेले ते बहुतेक दुसऱ्याच कामासाठी गेले होते. शिकायला, बॅरिस्टर व्हायला, घरच्या धंद्यासाठी. विमान हे तिथे गेल्यावर लागलेलं वेड.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये जे मोजके भारतीय वैमानिक होते, त्यांतले हरदितसिंग मलिक ऑक्सफर्डचे विद्यार्थी. अर्ज केला तर आधी नकार आला. मग ते फ्रेंचांकडे रुग्णवाहिका चालवायला गेले, आणि फ्रेंच हवाई दल आपल्याला घ्यायला तयार आहे असं त्यांनी ऑक्सफर्डच्या आपल्या गुरूंना कळवलं. गुरूंनी वर पत्र लिहिलं, की फ्रेंच घेतात आणि आपण घेत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. मग दार उघडलं. पगडीवर बसेल असं हेल्मेट घालून मलिक लढले. दुसरे होते आपल्या मुंबईचे. श्रीकृष्ण वेलिणकर. केंब्रिजला शिकत होते. जून १९१८ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचं विमान पडलं आणि त्या जखमांनी ते गेले. मुंबईत मी कितीतरी जणांना विचारलं, वेलिणकर हे नाव ऐकलंय का? शाळा-कॉलेजची नावं सांगतात. हे वेलिणकर कुणाला माहीत नाहीत.

युद्ध संपलं आणि दार परत लोटून घेतलं गेलं. भारतीय माणूस हवाई दलात अधिकारी व्हावा की नाही, ह्यावर वर्षानुवर्षं चर्चा चालली. मुद्दा साधा होता हो. यांना जमेल का? मशीन समजेल का? एकट्यानं निर्णय घेता येईल का? आज हे ऐकून हसू येतं, पण तेव्हा ही बडबड नव्हती, धोरण होतं.

ह्या हवेत १९२९ च्या अखेरीला आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, भारतीय माणसानं एकट्यानं, ठरलेल्या मुदतीत विमानानं जायचं. बक्षीस ५०० पौंड. तेव्हाच्या दरानं साडेसहा हजार रुपयांच्या वर. मोठी रक्कम, पण नवं जिप्सी मॉथ विमान साधारण ६५० पौंडांना पडायचं. म्हणजे बक्षीस जिंकून विमानाचे पैसेसुद्धा निघत नव्हते. हा श्रीमंतांचाच खेळ होता, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. विमान विकत घेऊ शकणारं घर तेव्हा देशात शोधावंच लागलं असतं.

जिप्सी मॉथ म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड. एकावर एक दोन पंख, जे घडी करून मागे वळवता येतात, म्हणजे गाडीच्या गॅरेजसारख्या जागेत ते मावावं. माथ्यावर छत नाही, वारा थेट तोंडावर. इंजिन १०० अश्वशक्तीचं, आजच्या साध्या हॅचबॅक गाडीएवढं. वेग ताशी १३०-१४० किलोमीटर. एकदा टाकी भरली की ५०० किलोमीटरच्या आसपास. आणि कराची ते लंडन हे अंतर सात-आठ हजार किलोमीटर! करा हिशेब, किती वेळा उतरावं लागणार. रेडिओ नाही. गुडघ्यावर नकाशा, समोर होकायंत्र, आणि खाली दिसेल ती किनारपट्टी, नदी नाहीतर रेल्वेचे रूळ.

आणि जिथे रूळही नाहीत तिथे? माझा आवडता तपशील इथे आहे. इराक आणि जॉर्डनच्या वाळवंटात ब्रिटिश हवाई दलानं १९२१ पासून कैरो-बगदाद टपालासाठी जमिनीवर खूण करून ठेवली होती. कुठे मोटारींच्या चाकांच्या वाटा, कुठे चक्क नांगरानं काढलेलं तास. वैमानिकानं वरून ती रेघ पकडायची आणि सोडायची नाही. शेकडो किलोमीटर. आपला गुगल मॅप निळी रेघ दाखवतो ना, तशीच, फक्त मातीत काढलेली.

पुढे १९२९ मध्ये लंडन-कराची हवाई टपाल सुरू झालं. त्यामुळे ह्या वाटेवर इंधन आणि उतरायच्या जागा होत्या. कराचीपर्यंत पत्र आठवड्यात यायचं, आणि तिथून मुंबईला रेल्वेनं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्पर्धेत तिघं मुख्य. पहिला मनमोहन सिंग. रावळपिंडीचा, इंग्लंडमध्ये इंजिनिअरिंग शिकायला गेलेला आणि तिथेच उडायला शिकलेला. त्यानं विमानाचं नाव ठेवलं 'मिस इंडिया'. दोनदा निघाला, दोनदा माघारी फिरावं लागलं. मग तिथल्या विमानविषयक मासिकाच्या संपादकानं कोटी केली, की विमानाचं नाव मिस इंडिया आहे आणि हा खरंच इंडिया मिस करणार असं दिसतंय. कोटी चांगली आहे, हसू येतं. पण त्याच्यामागचा सूर तोच, यांना काय जमणार. तिसऱ्यांदा मात्र मनमोहन सिंग एकटा भारतात पोचला. तोवर मुदत उलटून गेली होती. बक्षीस नाही.

दुसरा अस्पी इंजिनिअर. १७ वर्षांचा पोरगा, म्हणून मी त्याला 'अरे-तुरे' करतेय, पुढे हवाई दलाचे प्रमुख झालेल्या माणसाला असं म्हणणं बरोबर नाही खरं तर. वडील रेल्वेत इंजिनिअर. मार्च १९३० मध्ये अस्पी आणि राम नाथ चावला दोघं एका जिप्सी मॉथमधून कराचीहून इंग्लंडला गेले. भारतातून तिथे विमान घेऊन जाणारे हे पहिले भारतीय. पण दोघं होते, म्हणून बक्षिसाला ते चाललं नाही. मग काय, अस्पी एप्रिलच्या अखेरीला तिथून एकटा परत निघाला. आपल्याकडे १७ व्या वर्षी घरचे रात्री पुण्याहून मुंबईला एकट्याला सोडताना तीनदा फोन करतात.

तिसरे जेआरडी. जन्म पॅरिसचा, आई फ्रेंच. लहानपणीच्या सुट्ट्या उत्तर फ्रान्समध्ये आर्देलो नावाच्या समुद्रकाठच्या गावी जायच्या, आणि तिथे घर होतं लुई ब्लेरियो यांचं. होय, १९०९ मध्ये विमानानं इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारे तेच. किनाऱ्यावर विमानं उतरताना बघत हा मुलगा वाढला. १५ व्या वर्षी तिथेच पैसे देऊन एक फेरी मारली, आणि ठरलं. पण शिकायला वाट बघावी लागली ती मुंबईत क्लब निघेपर्यंत. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला, भारतात दिलेला क्रमांक १ चा.

जेआरडी ३ मे १९३० ला कराचीहून उलट दिशेनं निघाले. म्हणजे एक तिकडून येतोय, एक इकडून जातोय. गाठ पडली इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळच्या अबूकीरच्या विमानतळावर.

जेआरडी उतरले तर तिथे आणखी एक जिप्सी मॉथ उभं. कुणाचं? अस्पीचं. स्पार्क प्लग गेले होते आणि बदलायला नव्हते. ह्या इंजिनाला चार सिलिंडर, प्रत्येकी दोन, म्हणजे आठ प्लग. ज्यांच्या घरी जुनी स्कूटर होती त्यांना हे समजेल. प्लगवर काजळी धरली की बाबा तो काढून पॉलिश पेपरनं घासायचे. स्कूटर बंद पडली तर ढकलत नेता येते. वाळवंटावर इंजिन बंद पडलं तर काय? म्हणून अस्पी प्लग येण्याची वाट बघत अडकून बसला होता, आणि मुदतीचे दिवस जात होते.

जेआरडींकडे जास्तीचे प्लग होते. त्यांनी ते दिले.

मी ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा ती 'खिलाडूवृत्ती' ह्या धड्यात बसवलेली होती. तशी ती आहेच. पण मला आता वाटतं, त्या क्षणी दोघांनाही एक गोष्ट न बोलता कळली असणार. लंडनच्या मासिकात कोटी करणाऱ्याला, ह्या दोघांतला कोण पहिला आला ह्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. कुणीच वेळेत पोचलं नसतं, तर त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. हा माझा अंदाज, जेआरडी असं काही म्हणाल्याचं माझ्या वाचनात नाही.

अस्पी तिथून निघाला आणि ११ मे ला कराचीत उतरला. बक्षीस त्याचं. त्याच्या आदल्याच दिवशी कराचीत आणखी एक जिप्सी मॉथ येऊन थांबलं होतं. ते चालवत होती ॲमी जॉन्सन, लंडनला वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट असलेली मुलगी, एकटी ऑस्ट्रेलियाला निघालेली. पुढे इंधन कमी पडल्यामुळे ती झाशीत उतरली. तिचं नाव आज जगभर आहे. अस्पीचं आपल्याकडेही किती जणांना माहीत आहे, कमेंटमध्ये सांगा.

जेआरडी दुसरे आले, पण रिकाम्या हातानं नाही. अडीच वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, ते पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले. ही कल्पना होती नेव्हिल विंटसेंट ह्या ब्रिटिश वैमानिकाची, जो भारतात गावोगाव लोकांना पैसे घेऊन विमानात फिरवत आला होता. कराचीला येऊन अडलेलं ते लंडनचं टपाल आता रेल्वेची वाट बघणार नव्हतं. मुंबईहून पुढे मद्रासला विंटसेंटच विमान घेऊन गेला. एअर इंडियाची सुरुवात ही. जुहूला पावसाळ्यात चिखल व्हायचा, म्हणून चार महिने सगळा कारभार पुण्याला हलवायचे. पुणेकरांनो, घ्या टाळी.

आणि त्याच महिन्यात, ८ ऑक्टोबर १९३२ ला, भारतीय हवाई दल कायद्यानं अस्तित्वात आलं. पहिली भारतीय पोरं १९३० मध्येच इंग्लंडला क्रॅनवेलच्या कॉलेजात शिकायला गेली होती. मागोमाग अस्पीही तिथे गेला. एका बक्षिसामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही, राजकीय दबाव कित्येक वर्षांचा होता. पण 'यांना जमेल का' असं विचारणाऱ्यापुढे ठेवायला आता नावं होती, तारखा होत्या. डिसेंबर १९६० मध्ये अस्पी इंजिनिअर स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचे प्रमुख झाले.

मनमोहन सिंग यांचं काय झालं? ते थांबले नाहीत. पुढे इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेपर्यंत एकट्यानं गेले. दुसऱ्या महायुद्धात पाण्यावर उतरणारं कॅटलिना विमान चालवत होते. ३ मार्च १९४२ ला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूम बंदरात अशी विमानं नांगरून उभी असताना जपान्यांनी हल्ला केला. त्यात ते गेले. मुदत चुकलेला माणूस म्हणून त्यांची गोष्ट संपवतात बरेच जण. मला ते पटत नाही.

हां, लाइफ जॅकेट राहिलंच. अबूकीरला प्लग घेतल्यावर अस्पी गप्प बसला नाही. त्याचा समुद्र ओलांडून झाला होता, जेआरडींचा पुढे होता. त्यानं आपलं लाइफ जॅकेट काढून त्यांच्या हातात दिलं, आणि घ्याच म्हणून हट्ट धरला. मी माझं उतरल्यावर परत केलं. शिक्षकानं ते झटकून खुंटीला लावलं, पुढच्या माणसासाठी.